कंपाउंडचं काँक्रीट करताय? आधी खालची माती बघा

कंपाउंडमधलं काँक्रीट दोन पावसाळ्यांत फुटलं की पहिलं बोट सिमेंटकडे जातं आणि दुसरं ठेकेदाराकडे. ‘माल कमी टाकला हो’ हे वाक्य सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकदा तरी ऐकू येतंच. कधीकधी ते खरंही असतं. पण मुंबईत चारकोप, गोराई, मालवणी, कांजूरमार्ग, विक्रोळी-मुलुंडची खाडीकडची बाजू, अशा भागांत राहत असाल तर आधी खाली बघा. तिथे काँक्रीट वरून झिजण्याआधी खालून मोडतं. माती खचते, फुगते, आकसते. स्लॅबचा एखादा कोपरा अधांतरी राहतो आणि पाण्याचा टँकर त्यावरून गेला की कडकन तडा जातो.

कमिटीत असताना आमच्या सोसायटीचा फाटकापासून पार्किंगपर्यंतचा रस्ता नव्याने करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सिव्हिलचा माणूस नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट विचारून, वाचून आणि उन्हात उभं राहून शिकावी लागली. रो-हाउससमोर एकच गाडी लावायची असो की अख्ख्या सोसायटीचं आवार करायचं असो, क्रम तोच आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: बजेट तोकडं असेल तर वरच्या फिनिशवर काटकसर करा, खालच्या थरांवर आणि पाण्याच्या निचऱ्यावर करू नका.

१. माती ओळखा

मुंबईचा पाया काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. टेकडीच्या बाजूला थोडं खणलं की मुरूम लागतो आणि निम्मी काळजी मिटते. खाडीकाठची गोष्ट वेगळी. तिथे तीन प्रकार भेटतात, आणि बऱ्याचदा एकाच आवारात तिन्ही भेटतात.

पहिली खाडीची माती. निळसर-करडी, मऊ, कुजकट वासाची. ही वजनाखाली दबत राहते, आणि वर्षानुवर्षं दबते. दुसरी काळी माती. पावसात फुगते, मे महिन्यात भेगाळते. तिसरा प्रकार म्हणजे भराव: जुन्या बांधकामाचा डेब्रिज, विटांचे तुकडे, प्लास्टिक, जे मिळालं ते. तो कुठे घट्ट, कुठे पोकळ, आणि वरून काहीच कळत नाही.

आवारात दोन-तीन ठिकाणी अडीच-तीन फुटांचे खड्डे घ्या. एक फाटकाजवळ, एक इमारतीच्या कडेला, एक जिथे पाणी साचतं तिथे. खड्ड्यातली ओलसर माती तळहातावर घेऊन शेवयांसारखी वळा. सुमारे ३ मिलिमीटर जाडीपर्यंत न तुटता वळली तर ती चिकणमाती आहे. तोच गोळा दोन दिवस उन्हात वाळवा. बोटांनी फुटत नसेल, दगडाने ठेचावा लागत असेल, तर चिकणपणा जास्त आहे. खड्डा रात्रभर उघडा ठेवून सकाळी तळाला पाणी आलंय का तेही पाहा. खाडीच्या अगदी जवळ असाल तर मोठ्या भरतीच्या दिवशी पुन्हा बघा, पातळी बदललेली दिसू शकते.

घरगुती चाचणीवर मोठं काम काढू नका. मातीच्या प्रयोगशाळेत ‘फ्री स्वेल इंडेक्स’ नावाची साधी तपासणी होते. चाळलेल्या कोरड्या मातीचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग घेऊन एक पाण्याच्या नळीत आणि दुसरा रॉकेलच्या नळीत टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. २४ तासांनी दोन्हींतला फरक मोजायचा. हा आकडा ५० टक्क्यांच्या वर आला तर ती माती जशीच्या तशी खाली ठेवून वर स्लॅब टाकू नका. बाकीच्या खर्चापुढे या तपासणीचे पैसे किरकोळ आहेत, आणि अहवाल हातात असला की ठेकेदाराशी वाद घालायला आधार मिळतो.

२. पाणी कुठे जाणार ते ठरवा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

मुंबईत बहुतेक सोसायट्या जुन्या फरशीवर किंवा डांबरावर नवं काँक्रीट टाकून मोकळ्या होतात. तोडायचा खर्च वाचतो, डेब्रिज हलवायची कटकट नाही. पण आवाराची पातळी सहा इंच वर येते. तळमजल्याच्या घरांचा उंबरठा, लिफ्टचा खड्डा, मीटर रूम आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण आहे तिथेच राहतं. पहिल्या जोराच्या पावसात आवाराचं पाणी टाकीत जातं आणि अख्खी सोसायटी टँकरवर येते. त्यामुळे नियम एकच: आधी लेव्हल, मग दर.

एक पारदर्शक नळी पाण्याने भरा, दोघांनी दोन टोकं धरा आणि या जागांच्या उंच्या एका भिंतीवरच्या खुणेपासून मोजून वहीत लिहा: तळमजल्याचे उंबरठे, लिफ्टची पायरी, मीटर रूम, टाकीचं झाकण, प्रत्येक चेंबर, फाटकाची जागा आणि बाहेरच्या रस्त्याची कड. शेवटचा आकडा विसरू नका. पालिकेने बाहेरचा रस्ता काँक्रीटचा केला असेल तर तो तुमच्या आवारापेक्षा उंच झालेला असू शकतो. तसं असेल तर फाटकात आडवं गटार करून वर लोखंडी जाळी टाकावीच लागेल, नाहीतर रस्त्यावरचं पाणी आत येणार.

उतार इमारतीपासून दूर हवा. साधारण १:८०, म्हणजे दर मीटरला सव्वा सेंटिमीटर. डोळ्यांना तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. किती पाणी वाहून न्यायचंय याचा अंदाज घ्या: ३०० चौरस मीटरच्या आवारावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एका तासात १५,००० लिटर पाणी होतं. पालिकेची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होती. ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यजल वाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात तो हिशेब ५० धरला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा कुठलाच हिशेब चालला नव्हता, तो अपवाद सोडा. पण मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की बाहेरचं गटार तासन्‌तास पाणी घेत नाही, हे दरवर्षीचं आहे. तेवढा वेळ तुंबलेलं पाणी तळमजल्याच्या खाली राहील एवढी जागा तुमच्या लेव्हलमध्ये हवी.

‘शोषखड्डा करून देतो’ असं कोणी सांगितलं तर मातीचा अहवाल पुढे करा. चिकणमाती पाणी शोषत नाही. तिथला शोषखड्डा म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा, आणि तो शेजारची माती भिजवत ठेवतो.

३. कागदपत्रं गोळा करा

कंटाळवाणं काम आहे, पण उरकून टाका. सोसायटी असेल तर एवढं हवं:

• सर्वसाधारण सभेचा ठराव. कमिटीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो याची मर्यादा उपविधींत आहे, ती आधी वाचा.
• मंजूर नकाशाची प्रत. आरजीची, म्हणजे मनोरंजनाच्या मोकळ्या मैदानाची, जागा कुठली ते त्यावर दिसतं. तिच्यावर काँक्रीट टाकू नका.
• जमिनीखालच्या लाइनींचा कच्चा नकाशा: पाणी, ड्रेनेज, वीज, महानगर गॅस. गॅसची लाइन कुठून जाते ते कंपनीला विचारल्याशिवाय जेसीबी लावू नका.
• मातीचा अहवाल आणि लेव्हलची वही.
• एकाच मोजमापावर मागवलेली तीन कोटेशन्स. प्रत्येकाने आपापल्या मनाने जाडी धरली असेल तर तुलना होतच नाही.
• वर्क ऑर्डर. तिच्यात प्रत्येक थराची जाडी, काँक्रीटचा ग्रेड (ताकदीचा दर्जा, उदा. एम-३०), सळईचं अंतर, सांध्यांचा, म्हणजे स्लॅबमधल्या कटांचा, नकाशा आणि राखून ठेवायची रक्कम लिहिलेली असावी.

फाटकाबाहेरचा फुटपाथ तुमचा नाही. तिथे उतार करायचा असेल तर वॉर्ड ऑफिसच्या रस्ते विभागाची परवानगी लागते. आवारात झाड असेल तर बुंध्याभोवती चारही बाजूंनी किमान एक मीटर माती उघडी ठेवा. झाड ‘मध्ये येतं’ म्हणून तोडता येत नाही. १९७५च्या झाडांच्या संरक्षण कायद्याखाली पालिकेची परवानगी लागते. मोठी मुळं कापली तर पुढच्या वादळात ते झाड तुमच्याच गाड्यांवर येईल. तोडफोडीचा डेब्रिज कुठे टाकणार हेही ठेकेदाराकडून लिहून घ्या. रात्री खाडीत नेऊन ओतणारे कमी नाहीत.

इमारत उंच असेल तर अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र बाहेर काढा. त्यात आवार ४८ टन वजनाची अग्निशमन गाडी पेलणारं असावं अशी अट बहुधा असते. तशी असेल तर पुढची मापं तुमच्यासाठी नाहीत, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या.

४. महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जमिनीत पावसाळ्याचा थोडा ओलावा शिल्लक असतो आणि ऊन सोसवतं. प्रत्यक्षात सगळे मे महिन्यात जागे होतात. तेव्हा माती वाळून आकसलेली असते. त्या मातीवर स्लॅब टाकला की जूनमध्ये ती पाणी पिते आणि कडांकडून फुगते. शिवाय मेअखेरपर्यंत पालिकेच्या रस्त्यांची घाई असते, रेडीमिक्सच्या, म्हणजे प्लँटमधून तयार काँक्रीट आणणाऱ्या, गाड्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर वेळेवर येत नाहीत. मे महिन्याशिवाय इलाजच नसेल तर खोदलेल्या तळावर दोन-तीन दिवस हलकं पाणी मारून माती मुरवा, मग दाबा. चिखल करायचा नाही.

५. खोदा, भरा, दाबा

सर्वसाधारण मोटारी आणि अधूनमधून येणारा टँकर, एवढ्यासाठी खालून वर असे थर धरा:

• खोदकाम दोन ते अडीच फूट. काळी माती असेल तर ती काढूनच टाका.
• तळावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल (मातीत घालायचं कापड), तुकड्यांचा एकमेकांवर फूटभर चढाव.
• मुरूम, दाबून २०० ते ३०० मिलिमीटर.
• दगडाचं सोलिंग (हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा थर) २०० ते २३० मिलिमीटर, फटी ग्रिट आणि मुरुमाने भरून.
• जाड प्लास्टिकचा कागद, १२५ मायक्रॉनचा.
• काँक्रीट १५० मिलिमीटर.

जिओटेक्स्टाइलवर ठेकेदार हमखास नाक मुरडतात. ‘आम्ही इतकी वर्षं करतोय, कापड कशाला?’ कारण सरळ आहे. मऊ मातीवर थेट सोलिंग लावलं की गाड्यांच्या वजनाने दगड खाली रुततात आणि चिखल फटींतून वर येतो. काही वर्षांनी सोलिंग उरतच नाही. कापड पाणी जाऊ देतं, माती वर येऊ देत नाही. ते मिळालंच नाही तर सोलिंगखाली चार इंच दगडाची भुकटी दाबून घ्या, पण काहीतरी वेगळं करणारा थर हवाच.

खाडीची माती खोल असेल तर सगळी काढायच्या फंदात पडू नका. ती संपत नाही, खाली पाणी लागतं आणि शेजारच्या कंपाउंड वॉलचा पाया उघडा पडतो. वरचा सैल थर काढा, कापड घाला, मुरूम जास्त घ्या. काळी माती काढून नेणं शक्य नसेल तर तिच्यात ३ ते ५ टक्के चुना मिसळून ती दाबता येते. चुन्याने तिचं फुगणं बरंच कमी होतं. टक्केवारी मात्र प्रयोगशाळेने ठरवावी.

आणखी एक सापळा. चिकणमातीत खणून त्यात नुसती खडी किंवा वाळू भरली की पावसाचं पाणी त्या खडीत उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच राहतं. खालची माती वर्षभर भिजत राहते. म्हणून भरायला नीट दाबला जाणारा मुरूम घ्या आणि खोदकामाच्या तळालाही गटाराकडे थोडा उतार ठेवा. सगळ्यात खालच्या टोकाला भोकं पाडलेला पाइप टाकून तो चेंबरमध्ये सोडला तर फारच छान.

दाबण्याबद्दल: मुरूम एकदम फूटभर ओतायचा नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून बेबी रोलर. कडेला, जिथे रोलर पोचत नाही, तिथे प्लेट कॉम्पॅक्टर. हाताच्या धुम्मसने कोपरे होतील, आवार होणार नाही. मुरूम मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हात ओला होऊ नये, एवढंच पाणी पुरे.

यानंतरची परीक्षा कागदावरच्या कुठल्याही अहवालापेक्षा मला जास्त पटली. सोलिंग पूर्ण झालं की भरलेला टँकर माणसाच्या चालीने त्यावरून फिरवा. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन असतं, गाडीचं वजन वेगळं. तुम्ही चाकाच्या बाजूला वाकून बघा. चाकापुढे जमीन लाटेसारखी उचलली जाताना दिसली किंवा मागे खोल चाकोरी उमटली तर तेवढा भाग उकरून पुन्हा भरायचा. आमच्याकडे चेंबरच्या भोवती असाच एक हिस्सा हलत होता. उकरल्यावर खाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि विटांचे तुकडे निघाले. तेव्हा निघाले म्हणून बरं.

६. सळई आणि रिकामे पाइप

प्लास्टिक अंथरण्याआधी रस्त्याच्या आडवे दोन-तीन रिकामे चार इंची पीव्हीसी पाइप पुरून ठेवा, दोन्ही तोंडं बंद करून. आज ना उद्या कोणीतरी इलेक्ट्रिक गाडी घेणार, चार्जरची केबल न्यायची वेळ येणार, आणि मग नवा स्लॅब फोडायची चर्चा सुरू होणार.

सळईची जाळी ८ मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी २०० मिलिमीटर अंतरावर. ती कुठे राहते यावर सगळं अवलंबून आहे. तडे रुंदावू नयेत म्हणून ती स्लॅबच्या वरच्या भागात, वरच्या पृष्ठभागापासून सुमारे ५० मिलिमीटर खाली हवी. नेहमीचा प्रकार असा: जाळी प्लास्टिकवर पसरतात, आणि ‘ओतताना हुकने उचलून घेतो साहेब’ म्हणतात. उचलतात, आणि पुढच्या मिनिटाला त्याच जाळीवर पाय देऊन उभे राहतात. ती तळाशीच राहते. वाकवलेल्या सळईच्या चेअर मीटर-मीटरवर बांधून घ्या, आणि ओतण्यापूर्वी स्वतः जाळीवर उभं राहून पाहा. खाली बसली तर चेअर कमी आहेत.

प्लास्टिक फायबर टाकलं की सळई लागत नाही, असंही सांगतात. ते फायबर सुरुवातीच्या तासांतले बारीक तडे रोखतं, टँकरचं वजन घेत नाही.

इमारतीची भिंत, खांब, चेंबर, जिथे जिथे स्लॅब दुसऱ्या कशाला टेकतो तिथे मध्ये फळीसारखा बारा ते वीस मिलिमीटरचा जॉइंट बोर्ड ठेवा. इमारत पाइलवर, म्हणजे खोल पुरलेल्या खांबांवर, उभी आहे, तुमचा स्लॅब मातीवर. स्लॅब खचणार, इमारत नाही. त्यांना बांधून ठेवलंत तर तडा जाणारच. चेंबरची फ्रेम नव्या लेव्हलला आणणं हेही याच टप्प्याचं काम.

७. माल मागवा

समुद्राच्या हवेत सळईचं काँक्रीट असेल तर एम-३०च्या खाली जाऊ नका. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातली तीव्र हवामानाची अट तीच आहे, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५पेक्षा जास्त नको. ‘एकास दीड, तीन’ (सिमेंट, वाळू, खडी) हे पाटीचं माप एम-२०चं. त्याच मानकानुसार पाटीच्या प्रमाणावर त्याहून वरचा ग्रेड करता येत नाही. म्हणजे जागेवरच्या मिक्सरमध्ये घमेली मोजून कोणी एम-३० देतो म्हणत असेल तर तो बिलावरचा एम-३० आहे. रेडीमिक्स घ्या. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असलेलं सिमेंट मागा. खाऱ्या मातीत ते जास्त टिकतं आणि गरमही कमी होतं.

हिशेब उदाहरणाने बघू. रस्ता ४ मीटर रुंद, १५ मीटर लांब, जाडी ०.१५ मीटर: म्हणजे ९ घनमीटर. सांडलवंडीला पाच टक्के धरून साडेनऊ मागवा. आता ब्रासचा घोळ समजून घ्या. घनफळाचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. क्षेत्रफळाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. हाच रस्ता घनफळाने सव्वातीन ब्रासच्या आत आणि क्षेत्रफळाने साडेसहा ब्रास होतो. कोटेशनमध्ये नुसतं ‘ब्रास’ लिहिलं असेल तर सही करू नका.

प्लँटमधून माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. उशिरा सेट होण्याचं रसायन टाकलं असेल तरच जास्त वेळ चालतो. चलनावर भरल्याची वेळ छापलेली असते. गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांवर बंदी असते आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे नियम आडवे येतात, म्हणून पहिली गाडी सकाळी सहाला फाटकात हवी असं ठरवा. दुसरी गाडी पहिली निम्मी रिकामी झाल्यावरच प्लँटमधून निघू दे.

पाण्याचंही बघा. सोसायटीच्या बोअरवेलचं पाणी खाडीजवळ मचूळ असतं. काँक्रीटमध्ये नको आणि सळईच्या स्लॅबवर मारायलाही नको.

८. ओतण्याचा दिवस

हाताशी हवं: काँक्रीट हलवून हवा काढणारे दोन नीडल व्हायब्रेटर (एक बंद पडतोच), अॅल्युमिनियमचा सरळ पाटा, गुरमाळे, रुंद झाडू, हिरवी जाळी, प्लास्टिकचे जादा कागद, क्यूबचे (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) साचे आणि गमबूट.

गाडी आली की ड्रायव्हर किंवा मुकादम पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पाइप लावून ड्रममध्ये पाणी सोडणं. माल पळतो, काम हलकं होतं, ताकद जाते. त्या पाइपापाशी एक माणूस उभा करा, त्याला दुसरं काम देऊ नका. माल घट्ट वाटत असेल तर प्लँटच्या माणसाला फोन करून माल सैल करणारं रसायन टाकायला सांगा. साडेनऊ घनमीटरला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, असे सहा क्यूब भरून घ्या. सातव्या दिवसाचा अंदाज हवा असेल तर तीन जास्त. क्यूब गाडीच्या मधल्या मालातून घ्यायचे, आणि त्यांवर तारीख-सही तुमच्यासमोर.

आता दमट हवेचा भाग. पाटा मारून झाला की काँक्रीटवर पाण्याचा पातळ थर येतो. कोरड्या गावात तो लवकर उडतो. मुंबईत हवाच ओली, आणि खाली प्लास्टिक असल्याने पाणी खाली जात नाही, म्हणून तो बराच वेळ चकाकत राहतो. गवंड्यांना घरी जायचं असतं. मग एकजण सिमेंटची गोणी फोडतो आणि मुठी-मुठीने कोरडं सिमेंट त्या पाण्यावर भुरभुरतो. ते लगेच पाणी पितं, गुरमाळ्याखाली लोण्यासारखं गुळगुळीत होतं, सगळे खूश. पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे निघतात. हे अजिबात करू देऊ नका. चकाकी जाईपर्यंत थांबा. बोट टेकवलं तर ठसा उमटावा आणि बोटाला पाणी लागू नये. तोवर चहा सांगा.

शेवटचा हात झाडूचा, उताराला आडवा. गुळगुळीत काँक्रीट पावसात शेवाळतं आणि सोसायटीतले आजी-आजोबा त्यावर घसरतात. रॅम्पवर खोल रेघा घ्या. दुपारी ऊन चढलं की हिरवी जाळी ताणा. समुद्राकडून वारा सुटतो तेव्हा वरचा थर पटकन सुकून बारीक भेगा पडतात.

९. कट मारा, पाणी मारा

काँक्रीट आकसतं आणि तडकतं. ते कुठे तडकावं एवढंच आपल्या हातात आहे. बर्फी पूर्ण घट्ट होण्याआधी ताटात सुरी फिरवतात, तसंच इथे. दीडशे मिलिमीटरच्या स्लॅबला दर साडेतीन ते चार मीटरवर कट, खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे ५० मिलिमीटर. तुकडे शक्य तितके चौरस ठेवा. सळईची जाळी कटापाशी तोडलेली असावी. ती अखंड गेली तर कट नुसता शोभेचा. हे आधी ठरवायचं असतं, म्हणून वर वर्क ऑर्डरमध्ये सांध्यांचा नकाशा मागितला. कटरवाला ‘उद्या संध्याकाळी येतो’ म्हणाला तर दुसरा बघा. गरम दिवसांत त्याच रात्रीपर्यंत, कडेचे खडे न उखडता पातं चालायला लागलं की लगेच कट व्हायला हवा. रात्री दहाच्या आत उरकायचा असल्यानेही सकाळी लवकर ओतणं बरं.

पाणी स्लॅगच्या सिमेंटला चौदा दिवस. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. मधल्या वेळात ते सुकतं आणि पुन्हा भिजतं. गोणपाट अंथरून ओलं ठेवा, वर प्लास्टिक टाका. उतार नसलेल्या भागात आळी करून पाणी साठवता येतं. वॉचमनला वेगळे पैसे द्या आणि वेळ लिहायला वही द्या. फुकटात कोणी चौदा दिवस हे करत नाही.

१०. गाड्या आणि पैसे

मोटारसायकल आणि मोटारी पाण्याचे चौदा दिवस संपल्यावर, टँकर आणि कचऱ्याची गाडी २८ दिवसांनंतर. तोवर पार्किंग कुठे, हे रहिवाशांना आधीच लिहून कळवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणीतरी ‘पाच मिनिटांसाठी’ गाडी आत घालतो. कट स्वच्छ करून, पूर्ण सुकवून सीलंट भरा आणि हे पावसाळ्याआधी करा. उघड्या कटातून पाणी थेट खालच्या मातीत जातं, मग कापड-मुरुमावर केलेला खर्च वाया.

ठेकेदाराचे पाच-दहा टक्के एक अख्खा पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा, आणि ते वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहा. जुलैच्या एखाद्या मुसळधार दिवशी छत्री घेऊन आवारात फिरा, पाणी थांबतं तिथले फोटो काढा. फूटपट्टी ठेवून तडे मोजा. केसासारखे तडे सोडून द्या. दोन कडा वर-खाली झालेला तडा मात्र माती हलल्याचा पुरावा आहे, तो वरून सिमेंट लावून बुजवू देऊ नका. तो तुकडा कटापासून कटापर्यंत काढून, खाली काय झालंय ते पाहून, पुन्हा भरून घ्या. राखलेला चेक त्यानंतर.